ओली दोरी

खटकचिंचोळी, ता. भालकी
२५ नोव्हेंबर २०१०

प्रिय तुळजा,

अप्पाचे आणि मायचे आशीर्वाद. आधी सगळ्यांची खुशाली कळव, एकेकाची वेगळी. सगळे बरे आहेत म्हणून एका ओळीत उरकू नकोस. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? एरंडाचा पाला गरम करून बांधतात, की ते सोडून पुन्हा बिदरच्या डॉक्टरकडं चकरा सुरू झाल्यात? मल्लेशरावांचा खोकला हटला का? तुरीवर फवारताना तोंडाला फडकं बांधा म्हणावं, सासऱ्याचं वर्षातनं एकदा तरी ऐकावं. रूपाची दहावीची तयारी कशी चाललीय, आणि ती अजून जेवताना पुस्तक वाचते का? म्हैस व्याली का? आणि तुझा उजवा कान? थंडी पडली की ठणकतो तो. दरवर्षी मी हे विचारतो आणि तू बराय म्हणून सोडून देतेस. यंदा मी वेगळ्या कारणानं विचारायलोय, तेव्हा नीट लिही.

इकडं मी ठीक. तुझी माय माझ्यापेक्षा ठीक, आणि त्याचाच मला राग आहे. बेटावरनं परत येऊन दहा दिवस झाले. या दहा दिवसांत आम्ही दोघं 'भाकरी झाली का' आणि 'व्हय' याच्या पुढं फारसं बोललेलो नाही. तुझ्या भावानं, नागराजनं, दिलेल्या मोबाईलवर तुला हे सांगता आलं असतं, पण मी मोबाईलवर बोललो की निम्म्या गल्लीला ऐकू जातं, आणि तू दोनदा बरं म्हणून फोन रूपाच्या हातात देतेस. म्हणून कागद घेतला. पोष्टातही टाकत नाही. शेजारची महादेवी माहेरी तुमच्या जनवाड्याला यायलीय, तिच्या हाती देतो. तिच्याच हाती उत्तर दे. मला ते मल्लय्याच्या सटीच्या, चंपाषष्ठीच्या आत पाहिजे, म्हणजे अकरा तारखेच्या आत. कामून पाहिजे ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस.

नागराजनं तुलाही बोलावलं होतं. बेंगळूरच्या कंपनीत बढती मिळाली, सगळ्या घरानं मिळून समुद्र बघू म्हणाला. तू म्हैस व्यायची आहे म्हणून आली नाहीस. ते म्हशीचं कारण मला तेव्हाच पटलं नव्हतं. पाण्याचं नाव निघालं की तुला काही तरी काम निघतं. माहेरी आलीस तरी विहिरीच्या वाटेनं येत नाहीस, शाळेमागून वळसा घालतेस. मी आपला समजत होतो, पोरगी लहानपणी पाण्याला भ्यालीय, मोठी झाली तरी भीती गेली नाही. आता काय समजतो ते पुढं येईल.

कोचीपर्यंत मोठं विमान, तिथून खेळण्यातलं वाटावं असं लहान विमान, मग होडी. लक्षद्वीपातलं ते बेट एवढंसं की एका कडेला खोकलं तर दुसऱ्या कडेला कुणी तरी पाणी आणून द्यावं. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला मात्र बाटली. तीन वेळा मासे आणि नारळ. भाकरी हा शब्द तिथं कुणी ऐकलेला नाही. तुझ्या मायनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून नेली होती म्हणून जगलो. लोक वाळूत पालथे पडतात, उठतात, खातात आणि परत पालथे पडतात. मला दोन तासांत वीट आला. खुर्च्या अशा की बसायला जावं तर माणूस आडवाच होतो, आणि उठायला दुसऱ्याचा हात लागतो. नागराज सारखा फोटो काढायचा आणि म्हणायचा, अप्पा, जरा हसा. मी म्हटलं, काय झालंय ते आधी सांग, मग हसतो.

पण मी गेलो होतो एकाच गोष्टीसाठी. पाठीवर हवेची टाकी बांधून तिथं माणसाला समुद्राच्या तळाला नेतात, पोवळ्याचे खडक दाखवतात. नागराजनं हे सांगितलं तेव्हापासनं मला झोप गोड लागत नव्हती. तुला तर माहीतच आहे, विशी लागली तेव्हापासनं मी विहिरींच्या तळाला जातोय. भालकीपासनं कोहिनूरपर्यंत कुणाची घागर पडो, मोटेचं चाक पडो, पंपाचा पाइप सुटो, बोलावणं गुंडाप्पाला. कमरेला दोरी, काठावर मडिवाळप्पा. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन झटके म्हणजे ओढ. पण चाळीस वर्षं तळ म्हणून मी बघितलं काय? गाळ. सगळं हातानं चाचपायचं, डोळ्याला अंधार. उजेड असलेला तळ एकदा बघावा, एवढीच हौस होती. दोन महिने आधीपासनं रोज सकाळी विहिरीत बुडी मारून मी तयारी केली. या वयातही शंभर आकडे मोजीपर्यंत श्वास टिकायला लागला. मडिवाळप्पा काठावरनं म्हणायचा, ते समुद्रवाले तुला ठेवूनच घेतात बघ.

शिकवायला एक पोरगी होती, केरळची. मोडकी हिंदी बोलायची आणि आपली दखनी ऐकून हसायची. मी आधी खिशातनं लिंबू आणि हळदकुंकू काढलं. पाण्यात उतरायच्या आधी पाण्याला विचारायला नको? तिथला माणूस धावत आला, म्हणाला इथं पाण्यात काही टाकायचं नाही. लिंबू परत खिशात. मी विचारलं, दोरी कुठाय? पोरगी म्हणाली, दोरी नसते, मी हात धरते. मग तिनं कानाचं सांगितलं. खोल जाताना नाक दाबून कानात हवा सोडायची. घाईनं तसंच खाली गेलं तर कानाचा पडदा फाटतो, ताप भरतो, आणि पुढं तो कान थंडीवाऱ्यात ठणकत राहतो. मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष नळीकडं होतं. आणि मग तिनं सगळ्यांत मोठा नियम सांगितला: पाण्याखाली श्वास कधी धरायचा नाही. नळी तोंडात ठेवून घेत राहायचा, सोडत राहायचा. धरून वर आलात तर छाती फाटते.

तुळजा, मला आधी हसूच आलं. जन्मभर एक विद्या केली आणि तीच इथं गुन्हा. पण पाण्यात तोंड बुडवलं आणि हसू गेलं. छातीनं आपोआप कुलूप लावलं. पोरगी खुणेनं सांगायची, सोडा, सोडा. मी मान हलवायचो आणि धरूनच राहायचो. मला पटलं होतं, छातीला पटेना. भरल्या छातीनं मी पोहायच्या भोपळ्यासारखा वर यायचो. कमरेला शिशाचे तुकडे बांधले तरी वर. पहिल्या दिवशी तीनदा केलं, दुसऱ्या दिवशी चारदा. तिसऱ्या दिवशी तिनं डोळ्यांवरची काच कपाळावर सरकवली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अंकल, आपको पानी आता है, इसलिए नहीं होता." फार मायेनं म्हणाली. कुणी शिवी दिली असती तरी एवढी लागली नसती. ज्यांना बादलीत तोंड बुडवायची भीती, असले लोक एका दुपारी शिकून तळाला जाऊन येत होते, आणि गुंडाप्पा काठावर टॉवेल गुंडाळून बसलेला.

होडीत माझी जागा रिकामी राहिली. पोरगीनं सहज, गमतीनं तुझ्या मायला विचारलं, अम्मा, आप आते? नागराज हसला, सूनबाई हसली, मीही हसलो असेन. तुझी माय हसली नाही. तिनं सूनबाईचा एक सलवार-कमीज मागून घेतला, बांगड्या कोपराकडं सारल्या, पाण्याला हात लावून कपाळाला लावला आणि उतरली. साठ वर्षांची बाई. पहिल्याच बुडीत तिचे बुडबुडे वर यायला लागले, एकामागं एक, सावकाश, जात्यावर ओवी म्हणावी तसे. तासाभरानं ते तिला खडकांपाशी घेऊन गेले. मी होडीत उभा. पाऊण घटका ती खाली होती. माझ्या हातात दोरी नव्हती, तरी मुठी आवळलेल्या होत्या. वर आल्यावर पोरगी मला म्हणाली, अम्मा को पहले से पानी मालूम है. जेवताना तुझी माय सगळ्यांना सांगत होती की खाली दगडाला फांद्या फुटल्यात, हळदीच्या रंगाचे मासे तोंडापुढं येऊन उभे राहतात, तळ म्हणजे गाळ न्हाई, ज्वारीच्या पिठासारखी पांढरी वाळू. सगळ्यांना सांगितलं, पण माझ्याकडं बघितलं नाही.

सकाळी नागराज आणि सूनबाई फिरायला गेले. आम्ही दोघं ओसरीत चहात कडक भाकरी बुडवत बसलो होतो. मी विचारलं, पाण्याची ओळख कुठली तुला? गावचा ओढासुद्धा तू कधी पाण्यातनं ओलांडला न्हाईस. तिनं हातातल्या भाकरीचे तुकडे केले. मग म्हणाली, "तुमच्याच विहिरीत. तुळजानं शिकवलं."

यापुढं ती जे बोलली ते तुला ठाऊकच आहे. पण मला इतकी वर्षं जे ठाऊक होतं ते आधी लिहितो, म्हणजे मी कुठं उभा होतो ते तुला दिसेल. पंचाऐंशी सालची सट. आदल्या दिवशी पुजारी गुरुपादय्या मल्लय्याचा चांदीचा मुखवटा धुवायला विहिरीच्या पायरीवर घेऊन आले आणि तो त्यांच्या हातनं निसटला. पावसाळा भरपूर झालेला, विहिरीत पाच परस, म्हणजे पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढं पाणी. सगळं गाव काठावर. मी सात बुड्या मारल्या. सगळा गाळ उपसल्यासारखा चाचपला. मुखवटा नाही. सातव्यांदा वर आलो तेव्हा ओठ निळे पडले होते, आणि एवढ्या लोकांपुढं माझ्या हातून काही झालं नाही हे मला सांगवेना. मी म्हणालो, पाण्यातल्या साती आसरांनी ठेवून घेतलाय. त्यांची ओटी भरा, त्यांचं मन झालं तर देतील. बायांनी संध्याकाळी ओटी भरली. दुसऱ्या दिवशी उजाडता मुखवटा आसरांच्या पायरीवर, ओला, पाणी निथळत.

त्या दिवसापासनं मी गावात वेगळा माणूस झालो. गुंडाप्पा पाण्याशी बोलतो. दरवर्षी सटीच्या आदल्या दिवशी विहिरीवर ओटी, आणि पहिला नारळ माझ्या हातात. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल, पाव्हण्यारावळ्यांना, बसमधल्या अनोळखी माणसाला. तू लग्नानंतर एका सटीला आली होतीस, तूही ओटी भरलीस. तू आणि मायनं एकमेकींकडं बघून खाली मान घातली होती. मला वाटलं, भक्ती. अजून एक आठवतं. मुखवटा सापडला त्या सकाळी तुला थंडी वाजून ताप भरला, कान धरून रडत होतीस. तुझी वेणी ओली होती. मी म्हणालो, पोरगी विहिरीकडं फिरकली असणार, आसरा लागल्यात. लिंबू उतरून टाकलं आणि बजावलं, आजपासनं विहिरीच्या आसपास दिसलीस तर तंगडं मोडीन. भांडी घासायलासुद्धा पाठवायचं नाही म्हणून तुझ्या मायला दम दिला. दोन वर्षांनी तुझं लग्न केलं.

बेटावरच्या त्या ओसरीत तुझ्या मायनं मला उलगडून सांगितलं. मी सकाळी गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचो, नागराजलाही. तू नऊ वर्षांची असताना मला शिकव म्हणून मागं लागली होतीस आणि मी म्हणालो होतो, पोरीच्या जातीला काय करायचंय. मग तू भांडी घेऊन वरच्या पायरीवर बसायचीस आणि ऐकायचीस. पाय कसा मारायचा, कुशीवर कसं वळायचं, दम कसा राखायचा, मी ओरडून ओरडून जे पोरांना सांगायचो ते सगळं. बाराव्या वर्षी तू दुपारी, गडीमाणसं रानात असताना, उतरायला लागलीस. तुझी माय तुझ्या कमरेला माझी दोरी बांधून वर बसायची. पुढच्या उन्हाळ्यात तू तिलाही पाण्यात ओढलंस. दोन उन्हाळे मायलेकी पोहल्या आणि गल्लीतल्या बायांनी तोंड उघडलं नाही.

आणि मुखवटा. मला का सापडला नाही ते तू चौदाव्या वर्षी ओळखलंस. मी जन्मभर घागरी काढल्या. घागर भरते आणि सरळ खाली जाते, म्हणून मी सरळ खाली जातो. तुम्ही बाया ताटल्या धुणाऱ्या. ताटली पाण्यात सुटली की सरळ जात नाही, पानासारखी डुलत डुलत कडेला लागते, हे तुम्हाला ठाऊक. मुखवटा म्हणजे पातळ चांदीची ताटलीच. तू दिवस उगवायच्या वेळेला माझी दोरी घेऊन मायबरोबर गेलीस आणि तळाकडं न जाता भिंतीभिंतीनं उतरलीस. उगवतीच्या बाजूला दीड परस खाली एक दगड निखळून कपार झालीय, तिच्यात हात घालून काढलास. तिसऱ्या बुडीला. तोवर तुझ्या कानाचं जे व्हायचं ते झालं होतं.

मी मायला म्हणालो, मला कामून सांगितलं न्हाई? तेवढ्यावर तिचा आवाज चढला. "तुमचं तोंड बघितलं व्हतं आम्ही त्या दिवशी. पोरगी म्हणाली, अप्पाला सांगू नको, अप्पा रडंल." चहा निवून गेला. मी उठून वाळूत गेलो आणि त्या पालथ्या लोकांमधनं चालत राहिलो. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तुझ्या मायवर काढला, ती जवळ होती म्हणून. पंचवीस वर्षं मला गावासमोर बाहुला करून नाचवलंत असंही बोललो. परत येताना विमानात ती खिडकीकडं बघत होती, मी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडं.

गावी आल्यावर मडिवाळप्पाला सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, घरची माणसं कशी असतात. त्यानं बिडी पेटवली. मग म्हणाला, "दोरी मी वाळत टाकली व्हती. सकाळी आलो तर ओली. आसरांना दोरी कशाला लागती?" म्हणजे यालाही ठाऊक. गावात एकट्या गुंडाप्पाला ठाऊक नव्हतं. मी त्याला दोरी घ्यायला लावली आणि त्याच पावली विहिरीवर गेलो. म्हातारा नको नको म्हणत होता, त्याचे हात आता कापतात. मी उगवतीच्या भिंतीनं उतरलो. आपल्या विहिरीत माझा श्वास मला नडत नाही. कपार सापडली. हात घातला तर पंजासुद्धा जाईना, बोटांच्या मुळाशीच अडकला. त्या फटीत फक्त लेकराचा हात जाऊ शकतो. त्या दिवशी सातच काय, सत्तर बुड्या मारल्या असत्या तरी माझ्या हाताला तो मुखवटा आला नसता. तिथंच पाण्याखाली मला रडू आलं असावं, पाण्यात काय कळतंय. मडिवाळप्पानं घाबरून एकही झटका नसताना ओढून वर घेतलं.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. आम्ही बेटावर असतानाच इथं तरुण मंडळाच्या मल्लिकार्जुननं पत्रकं छापून ठेवली. यंदा त्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली म्हणून सटीला माझा सत्कार आहे, शाल आणि नारळ, आणि आसरांनी मुखवटा कसा दिला ते मी माईकवर सांगायचं. तुझी माय म्हणते गप बसा, आता बोललात तर तिच्या सासरी काय म्हणतील, उद्या लग्नाला येईल अशी नात आहे. मला ती जुनी गोष्ट आता सांगवत नाही, आणि खरी गोष्ट माझी नाही, ती तुझी आहे. तुला विचारल्याशिवाय मी ती काढली तर पुन्हा तुझंच काही तरी माझ्या नावावर घेतल्यासारखं होईल. तू व्हय म्हणालीस तर मी माईकवर सांगतो की पाण्याशी बोलणारा मी नव्हे, आणि ती शाल तुझ्या खांद्यावर घालतो, रूपाच्या देखत. तू न्हाई म्हणालीस तर त्या दिवशी मला ताप येईल, मी अंथरुणातनं उठणार नाही, आणि शाल आसरांच्या पायरीवर ठेवा म्हणेन. दोन्हींतलं काहीही लिही, मला चालेल. पण सटीला ये. कान बांधून ये, आणि शाळेमागून येऊ नकोस, विहिरीच्या वाटेनं ये. मायचा समुद्राखालचा फोटो सोबत ठेवलाय, नागराजनं काढून दिला. तिचा हात बघ, कसा मोकळा सोडलाय. तुला किंवा रूपाला पाण्यात उतरावंसं वाटलं तर दोरी मी धरतो. एवढे दिवस ती मीच धरायला पाहिजे होती. तुझं उत्तर येईपर्यंत मी गावात तोंड उघडत नाही. श्वास धरणं मला जमतं हे तुला ठाऊक आहे, पण आता वय झालं, पूर्वीइतका टिकत नाही. महादेवी तीन तारखेला परत निघेल, तिच्या हाती दोन ओळी तरी दे.

तुझाच
अप्पा